‘घरी नेतो’ असं लिहून देण्याआधी : इच्छामरण, लिव्हिंग विल आणि वाचकांचे प्रश्न

‘इच्छामरण’ हा एकच शब्द आपण चार निराळ्या गोष्टींना लावतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. शुद्धीवर असलेल्या माणसानं उपचार नाकारणं ही एक गोष्ट. ज्यांचा आता काही उपयोग उरला नाही असे उपचार डॉक्टरांनी नियमानं थांबवणं ही दुसरी. मरण यावं म्हणून डॉक्टरनं इंजेक्शन देणं ही तिसरी, आणि जीव द्यायला निघालेल्याला कुणी मदत करणं ही चौथी. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी कायद्याला मान्य आहेत, शेवटच्या दोन गुन्हा आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांची उत्तरं हे चार कप्पे लक्षात ठेवून वाचावीत.

प्रश्न : २०१८ पासून इच्छामरण कायदेशीर झालं असं सगळे म्हणतात. मग डॉक्टर इंजेक्शन देतात का? (निवृत्त शिक्षिका, नौपाडा)

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानं असाध्य अवस्थेतल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायला आणि त्याबद्दल आधी लिहून ठेवायला, म्हणजे लिव्हिंग विल करायला, परवानगी दिली. जीव घेणाऱ्या इंजेक्शनला नाही.

प्रश्न : आमचे वकील म्हणतात, मृत्युपत्रातच एक परिच्छेद घालू, वेगळं लिव्हिंग विल कशाला? (घोडबंदर रोड)

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. व्हेंटिलेटरचा निर्णय तो असताना घ्यायचा असतो. कागद दोनच ठेवा.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जाहिरात आली आहे. ‘सरकारमान्य लिव्हिंग विल, घरबसल्या, ५,९९९ रुपयांत, आजीवन नोंदणीसह.’ घ्यावं का? (ऐरोली)

घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात अशा कुठल्याही कंपनीला जागा नाही. ‘आजीवन नोंदणी’ म्हणजे त्यांच्या संगणकावर तुमची एक प्रत, एवढंच. अतिदक्षता विभागातला डॉक्टर ती उघडून बघणार नाही.

लागतं काय ते सांगते. कागद लेखी हवा आणि करणारी व्यक्ती सज्ञान, शुद्धीवर, दबावाखाली नसलेली हवी. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे त्यात स्पष्ट लिहायचं. ‘मला त्रास देऊ नका’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीनं लावतो. ‘बरं होण्याची आशा नाही असं डॉक्टरांच्या मंडळानं ठरवल्यावर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न नको, वेदना आणि धाप कमी करणारं औषध मात्र द्यावं’ असं लिहिलं तर कामाला येतं. नाकातून किंवा पोटातून नळीनं अन्न देण्याबद्दल वेगळं वाक्य लिहा, कारण घरातलं भांडण हमखास तिथेच होतं. तुमच्या वतीनं बोलणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या माणसांची नावं घाला. हा कागद कधीही रद्द करता येतो, हे आपल्याला माहीत आहे असंही नमूद करा. रद्द करणंही लेखीच करावं लागतं. दोन कागद सापडले तर नंतर सही केलेला धरतात.

दोन साक्षीदार घ्या, शक्यतो ज्यांचा तुमच्या मालमत्तेशी संबंध नाही असे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. २०१८ मध्ये इथे दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत होती आणि त्या एका अटीपायी लोक अडून राहिले. २४ जानेवारी २०२३ च्या सुधारित आदेशानं ती काढली. जुने नमुने अजून फिरत आहेत, ते वापरू नका. निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणीचीही नाही. कोर्ट नाक्यावर ‘तुम्ही यायची गरज नाही, शिक्का मारून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. हा कागद स्वेच्छेनं केला आहे याची खात्री करून घेणं हेच नोटरीचं काम आहे. त्याच्या रजिस्टरमध्ये तुमच्या हातची सही झाली पाहिजे.

मजकूर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहानं मूत्रपिंडं कमकुवत झालेल्या माणसाचा कागद आणि पार्किन्सनच्या रुग्णाचा कागद सारखा असू शकत नाही, आणि छापील नमुन्यात नेमकं हेच सुटतं.

प्रश्न : प्रत कुठे द्यायची? मी खारघरला राहतो, मुलगा कोपरखैरण्याला.

तुम्ही पनवेल महानगरपालिकेकडे, मुलानं नवी मुंबई महानगरपालिकेकडे. ठाण्यातल्या वाचकांनी ठाणे महानगरपालिकेकडे. स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे प्रत सांभाळायची, असा २०२३ चा आदेश आहे. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. खिडकीवर ‘हे आमच्याकडे नसतं’ असं ऐकायला मिळालं तर वाद घालू नका. आयुक्तांच्या नावे पत्र, त्याची प्रत वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याला, आवक कक्षाचा शिक्का असलेली पोच घ्या. तेही जमलं नाही तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपा.

एक बारकावा. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. वैद्यकीय मंडळावरचा एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमायचा असतो. म्हणून खारघरच्या हॉस्पिटलचं पत्र अलिबागला जायला हवं, ठाण्याला नाही. चुकीच्या जिल्ह्यात गेलेल्या पत्रामागे दिवस जातात, आणि रुग्णाला ते परवडत नाहीत.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, १६ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर म्हणतात सुधारणा नाही, पण ‘आम्ही व्हेंटिलेटर काढू शकत नाही, तो खून होईल, तुम्ही डामावर सही करा आणि घरी न्या’. वडिलांनी लिव्हिंग विल केलेलं नाही. आई सही करायला तयार नाही. काय करू? (वागळे इस्टेट)

आई सही करत नाहीत ते बरोबर आहे. तुम्हीही आज सही करू नका.

डामा म्हणजे ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’. त्या कागदावर तुम्ही असं लिहून देता की डॉक्टर नेऊ नका म्हणत असताना आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो आहोत. म्हणजे सल्ला त्यांचा आणि जबाबदारी तुमची. हा कागद खोटा आहे, दोन्ही बाजूंना माहीत असलेला खोटा. ठाणे-नवी मुंबईत ही पद्धत इतकी रुळली आहे की लोकांना तीच कायदेशीर वाट वाटते.

पुढे काय घडतं ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. रुग्णवाहिकेत बहुधा व्हेंटिलेटर नसतो. रुग्णवाहिकेसोबत आलेला कर्मचारी श्वास देणारा फुगा हातानं दाबत असतो. इमारतीखाली किंवा घरातल्या पलंगावर तो घशातली नळी काढतो आणि निघून जातो. त्यानंतर दहा मिनिटं असोत की दहा तास, रुग्ण धापा टाकतो, घशात घरघर होते, आणि धाप कमी करणारं एकही औषध घरात नसतं. हे दृश्य त्या घरातून पुढची वीस वर्षं जात नाही. मग सकाळी मृत्यूच्या दाखल्यासाठी धावपळ. हॉस्पिटल म्हणतं मृत्यू आमच्याकडे झाला नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी रुग्णाला शेवटच्या आजारात पाहिलेलंच नसतं, ते मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देणार कसं? ठाण्याच्या जवाहर बाग स्मशानभूमीत प्रमाणपत्राशिवाय अंत्यसंस्कार होत नाहीत. मग पोलीस ठाणं आणि काही वेळा शवविच्छेदन.

आता कायदेशीर वाट. व्हेंटिलेटर नियमानं काढणं खून नाही. लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णालाही ही वाट खुली आहे, हे पुन्हा वाचा, कारण हॉस्पिटलमधल्या अनेकांनाही ते ठाऊक नसतं. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ हॉस्पिटल नेमतं. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. त्यांचं मत पडलं आणि जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती मिळाली, की प्रकरण दुसऱ्या मंडळाकडे जातं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तेवढ्याच अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळांचा निर्णय हॉस्पिटल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवतं, परवानगी मागत नाही. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

म्हणजे सगळे जागेवर असतील तर चार-पाच दिवसांचं काम. पण बऱ्याच हॉस्पिटलांत तज्ज्ञांची यादीच तयार नसते. कुटुंब मंडळाची मागणी करतं तेव्हा धावाधाव सुरू होते, आणि डामाचा कागद टेबलावर तयार असतो. ही दिरंगाई मला सर्वांत जास्त सलते.

उद्या सकाळी असं करा. उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांकडे बैठक मागा, आई आणि सगळी भावंडं मिळून. राउंडच्या वेळी दारात उभं राहून नाही, बसून. तीन गोष्टी विचारा. सगळं चांगलं झालं तर वडील कुठवर येतील : ओळखतील का, तोंडानं जेवतील का, स्वतः श्वास घेतील का? ते कळायला अजून किती दिवस पाहायचं? आणि ते स्वतः इथे बसले असते तर काय म्हणाले असते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे, डॉक्टरांकडे नाही. साधारण १० ते १४ दिवसांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्यासाठी संमती मागतात. तुमच्याकडे ती मागितली गेली असेलच. ‘हो’ म्हणण्याआधी हे प्रश्न विचारायचे असतात. अजून शंका असेल तर मुदत बांधून प्रयत्न करा : आणखी पाच दिवस, ही लक्षणं दिसली तर पुढे, नाही तर मंडळ. मुदत आणि लक्षणं केसपेपरवर लिहून घ्या.

मंडळाची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदनाशमन आणि आधारोपचाराच्या, डॉक्टरांना बोलवा असंही त्यात लिहा. काढायचं ठरलं तर क्रम असा असतो. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर ते आधी बंद करून त्याचा अंमल पूर्ण उतरू देतात, कारण त्याखाली माणूस त्रास झाला तरी दाखवू शकत नाही. रक्ततपासण्या, रक्तदाब टिकवणारी औषधं, गजर बंद होतात. धाप आणि अस्वस्थता यांची औषधं आधी देतात, नंतर नाही. घशातला स्राव कमी करणारं औषध देतात. घरची माणसं जवळ बसतात. मग नळी. श्वास काही मिनिटांत थांबेल किंवा दोन दिवस चालेल. चालला तर काही चुकलं असं नाही, त्या वेळातही औषधं चालूच राहतात. दाखला हॉस्पिटलच देतं.

दोन इशारे. रक्तस्राव अपघातानं किंवा मारहाणीनं झाला असेल तर ते पोलीस प्रकरण आहे. शवविच्छेदन चुकत नाही आणि आधी वकिलाशी बोलावं लागेल. दुसरं, खरं कारण पैसे संपणं हे असेल तर ते मोकळेपणानं सांगा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, सरकारी रुग्णालयात हलवता येतं का विचारा. बिल भरता येत नाही म्हणून बरा होऊ शकणाऱ्या माणसाची नळी काढणं याला कुठल्याही निकालाचा आधार नाही.

प्रश्न : ब्रेन डेड आणि कोमा यात फरक काय? अरुणा शानभाग ब्रेन डेड होत्या ना? (कळवा)

नव्हत्या. त्या स्वतः श्वास घेत होत्या. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्यांनी तिथेच काढली. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मरण येऊ द्यावं ही मागणी नाकारली आणि त्यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क त्यांना वर्षानुवर्षं भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं म्हटलं. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं त्या गेल्या.

कोमातला मेंदू जिवंत असतो. ब्रेन डेड म्हणजे मेंदूचं खोड कायमचं बंद : श्वास यंत्राचा, हृदयाचे ठोके काही काळ चालू. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा चाचण्या करून ते ठरवतात. ‘ब्रेन डेडसारखे आहेत’ असं कुणी म्हणालं तर विचारा : दोन्ही चाचण्या झाल्या का? ‘सारखे’ अशी कुठलीही अवस्था वैद्यकशास्त्रात नाही.

प्रश्न : माझे सासरे ८३ वर्षांचे. पूर्ण शुद्धीत आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे आणि आता ‘पुरे’ म्हणतात. यासाठी मंडळ लागेल का? (नेरूळ)

लागणार नाही. शुद्धीतला सज्ञान माणूस कुठलाही उपचार नाकारू शकतो. त्याला ना नोटरी लागतो ना मंडळ.

पण ‘पुरे’ म्हणजे नेमकं काय पुरे, ते आधी शोधा. सुई टोचण्याचा त्रास? रिक्षातून जाण्या-येण्याचे हाल? डायलिसिसनंतर येणारा गळाठा? सुनेला रजा घ्यावी लागते याची टोचणी? यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात. उदासीनता आहे का हेही डॉक्टरांकडून तपासून घ्या. हे सगळं करूनही ते ठाम असतील तर निर्णय त्यांचा. ‘बाबांना काय कळतं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना खोलीबाहेर बसवा.

थांबवल्यावर किती दिवस हे लघवी अजून किती होते यावर असतं. बहुधा काही दिवस ते काही आठवडे. पाणी आणि मीठ मोजून द्यावं लागतं, नाही तर छातीत पाणी भरून धाप लागते. खाज, मळमळ, धाप यांची औषधं आधी आणून ठेवा. मूत्रपिंडं बंद असताना नेहमीचं मॉर्फिन शरीरात साठत जातं, म्हणून औषध आणि मात्रा पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनीच ठरवायची. शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या वापरायच्या नाहीत.

प्रश्न : मॉर्फिन सुरू केलं की माणूस लवकर जातो असं ऐकलं. (मानपाडा)

चुकीचं ऐकलं. वेदनेच्या हिशेबानं हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. ते अनेकदा शेवटच्या आठवड्यांत सुरू होतं आणि माणूस आजारानं जातो. दोष औषधाला लागतो. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक हवंच. गोळी दुखल्यावर द्यायची नसते, ठरलेल्या वेळी द्यायची असते. दुखणं परत यायची वाट पाहत गोळी उशाशी दाबून ठेवणारी माणसं त्या अफवेपायी कळा सोसतात. मात्रा डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : विनोबांनी अन्न सोडलं त्याला आपण प्रायोपवेशन म्हणतो, जैन संथारा घेतात. मग माझ्या आईनं जेवण थांबवलं तर नातेवाईक ‘उपाशी मारलं’ का म्हणतात? तिला कर्करोग आहे, शेवटचा टप्पा. (पाचपाखाडी)

विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला अन्न आणि औषध सोडलं. १५ तारखेला ते गेले. तो जाणतेपणानं केलेला संकल्प होता. संथाऱ्याचा वाद न्यायालयात आहे : राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ ला तो आत्महत्येसारखा ठरवला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्णयाला स्थगिती दिली.

तुमच्या आईचं या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. त्यांनी अन्न सोडलेलं नाही, शरीरानं भूक सोडली आहे. त्या जेवत नाहीत म्हणून चाललेल्या नाहीत. चालल्या आहेत म्हणून जेवत नाहीत. बळजबरीनं पेज घातली तर ती श्वासनलिकेत जाते, खोकला आणि न्यूमोनिया होतो. मागितला तर चमचाभर ताक, आवडत असेल तर चोखायला बर्फाचा तुकडा. नाही मागितलं तर दर दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसा, ओठांना तूप लावा. तहान बहुतेक कोरड्या तोंडाची असते. सलाईन लावण्याचा हट्ट पाहुण्यांचा असतो. या टप्प्यात त्यानं पायांना सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. हे नातेवाइकांना तुम्ही समजावू नका, डॉक्टरांकडून समजावून घ्या. त्यांचं ते ऐकतात.

प्रश्न : तुम्ही फाशीच्या विरोधात लिहिता आणि व्हेंटिलेटर काढायला पाठिंबा देता. जीव जाणं दोन्हीकडे आहे. हा विरोधाभास नाही का? फाशीऐवजी इंजेक्शन दिलं तर तरी चालेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे पूर्व)

जीव दोन्हीकडे जातो, पण इच्छा कुणाची हे पाहा. व्हेंटिलेटरच्या प्रश्नात माणूस किंवा त्याला ओळखणारी माणसं म्हणतात, माझ्या शरीरावर हे आणखी करू नका. आजार आपल्या वाटेनं जातो. फाशीत निरोगी माणसाला, जगायची इच्छा असताना, राज्यसंस्था ठरलेल्या दिवशी मारते. पहिल्यात व्यक्तीचा नकार मानला जातो, दुसऱ्यात तिचं काहीच मानलं जात नाही. दोन्हींना ‘मरण’ हा एक शब्द लागतो म्हणून त्यांची नीती एक होत नाही.

फाशीच्या बाजूनंही गंभीर मुद्दे आहेत, ते टाळू नयेत. बळी गेलेल्या मुलीच्या आईबापांना ‘क्षमा करा’ सांगण्याचा अधिकार मला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये फाशी वैध ठरवली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरती. माझा विरोध दोन कारणांनी. पहिलं, चूक दुरुस्त करता येत नाही. आपल्या ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. त्या दिवशीच्या सरकारच्या लेखी ते खुनी होते. आज आपण त्यांना हुतात्मा म्हणतो. कोण फाशीच्या लायकीचा, याचं उत्तर काळानुसार बदलतं आणि दोर मागे घेता येत नाही. दुसरं कारण दिरंगाई. दयेचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात आणि माणूस रोज मरणाची वाट पाहतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की असा विनाकारण विलंब हे फाशी रद्द करायला पुरेसं कारण आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याच कारणानं जन्मठेपेत बदलली. पीडित कुटुंबांना न्याय मिळाला नाही आणि कैद्यांचाही छळ झाला. फायलींनी दोघांनाही फसवलं.

इंजेक्शनबद्दल माझं मत ठाम आहे. वेदना शमवायला शिकलेले हात आणि औषध फाशीच्या कामाला लावू नये. जागतिक वैद्यकीय संघटना १९८१ पासून हेच सांगते : मृत्युदंडात डॉक्टरांचा सहभाग अनैतिक आहे. स्नायू लुळे करणारं औषध दिल्यावर माणूस शांत दिसतो, पण शांत असतोच असं नाही. बघणाऱ्यांना कमी त्रास झाला, एवढ्यानं शिक्षा मानवी होत नाही.

प्रश्न : काकांना स्वित्झर्लंडला घेऊन गेलो तर? (वाशी)

तिथे स्वार्थ नसेल तर अशी मदत गुन्हा ठरत नाही. तुम्ही भारतीय नागरिक आहात. इथे आत्महत्येला साहाय्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली १० वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि देशाबाहेर केलेल्या कृत्यालाही संहिता लागू होते. तिकिटाआधी फौजदारी वकिलांना भेटा. त्याही आधी काकांना कशाचा त्रास आहे ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा. पत्नी गेली, मुलगा परदेशात. मोठा आजार काही नाही, पण कंटाळलो आहे. पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही. राष्ट्रपतींकडे इच्छामरणाचा अर्ज करायचा आहे. नमुना द्याल का? (कोपरी)

नमुना देणार नाही, कारण तसा अर्ज नसतो. घटनेच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपती शिक्षा झालेल्या कैद्याला माफी देऊ शकतात, मरण देऊ शकत नाहीत.

पण काका, तुमच्या पत्रात मला कायद्याचा प्रश्न दिसत नाही, आजार दिसतो. पहाटे तीनला जाग येणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं ही उतारवयातल्या नैराश्याची लक्षणं आहेत. त्यावर औषध आहे आणि ते लागू पडतं. परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या, कान तपासा. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस चारचौघांत बसणं सोडतो आणि एकटा पडतो. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. आज रात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि हे पत्र मला पाठवलंत तसंच मुलालाही पाठवा. त्याला ओझं वाटेल हे तुम्ही ठरवू नका.

प्रश्न : मानसिक आरोग्य कायद्यातही आगाऊ निर्देश असतात ना? तेच चालतील? (घणसोली)

नाही. २०१७ च्या त्या कायद्यातले निर्देश मनोविकाराच्या उपचारांबद्दल आहेत.

प्रश्न : लिव्हिंग विल केलं. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. बरोबर ना? (माजिवडा)

आजच काढून आणा. शनिवारी रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येते तेव्हा बँक बंद असते. मूळ प्रत घरात, सगळ्यांना माहीत असलेल्या खणात, औषधांच्या फायलीला लागून. एकेक प्रत नेमलेल्या माणसांकडे आणि तुमच्या डॉक्टरांकडे, फोटो त्यांच्या फोनमध्ये. ज्यांना नेमलं त्यांना तुम्ही सांगितलं आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर या रविवारी बोलवा आणि त्यांच्यासमोर कागद मोठ्यानं वाचा.